तपासणीच्या पट्ट्यावरचा लॅपटॉप

गेल्या महिन्याच्या डाकेंत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. तिचे सासूसासरे या पावसाळ्यानंतर परदेशीं धाकट्या मुलाकडे जावयाचे आहेत. सासऱ्यांनीं निवृत्तीनंतरचीं दहा वर्षें खर्चून घराण्यांतील जुनीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या व मोडी कागद यांचीं छायाचित्रें घेतलीं, त्यांचें बाळबोध लिपींत लेखन केलें, आणि तें सर्व एका जुन्या लॅपटॉपमध्यें सांठविलें आहे. नातवंडांना तें आपण स्वतः वाचून दाखवावें, ही त्यांची इच्छा. म्हणून लॅपटॉप बरोबर न्यावयाचें ठरलें. परंतु विमानतळावरील यंत्रांतल्या किरणांनीं आंतील मजकूर पुसला जातो असें कोणीसें सांगितलें, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्या गृहस्थांची झोंप उडाली आहे. "किरणांनीं खरोखरच असें होतें काय? लॅपटॉप मोठ्या बॅगेंत घालून विमानाच्या पोटांत टाकावा हें बरें, कीं हातांत ठेवावा हें बरें? आणि तपासणीच्या गर्दींत तो संभाळावा कसा?" असे तीन प्रश्न या भगिनीनें विचारले आहेत. ज्या घरांतील मुलें बंगळूरास, लंडनला किंवा कॅलिफोर्नियांत जाऊन राहिलीं आहेत, त्या बहुतेक घरांचा हा प्रश्न आहे. म्हणून या महिन्याचें पान त्यासच देत आहों.

उत्तर प्रथम थोडक्यांत सांगतों, म्हणजे ज्यांस पुढचें वाचावयास सवड नसेल त्यांचेंही काम होईल. किरणांची भीति धरूं नये. वस्तु दृष्टीआड होण्याची धरावी. लॅपटॉप मोठ्या बॅगेंत टाकूं नये, हातांतच ठेवावा. आणि तो संभाळण्याचें निम्में काम विमानतळावर नव्हे, तर निघण्याच्या आदल्या आठवड्यांत घरीं बसून करावयाचें असतें. आतां याचीं कारणें क्रमानें पाहूं.

क्ष-किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनीं १८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत लाविला. हे किरण कापड, कातडें, कागद अशा विरळ पदार्थांतून बहुतांशीं पार जातात आणि धातूसारख्या दाट पदार्थांत अडतात. कोठें किती अडले यावरून पडद्यावर सावली उमटते, व ती पाहून तपासणारा आंतील वस्तु ओळखतो. यंत्राचा उद्योग एवढाच. आतां लॅपटॉपमधील मजकूर कसा राहतो तें पाहा. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क नांवाची फिरती चकती असते, व तिच्यावर चुंबकीय खुणांनीं अक्षरें कोरलेलीं असतात. नव्या यंत्रांत चकती नसते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार अडकवून मजकूर राखलेला असतो. तपासणीच्या यंत्रांतील किरणांची मात्रा इतकी अल्प असते कीं, त्या चुंबकीय खुणांस वा त्या विद्युद्भारास तिच्यानें ढळ पोंचत नाहीं. पेन ड्राइव्ह व मोबाइलमधील कार्ड यांसही हेंच लागू आहे. एकदां जा, दहादां जा, लिहिलेलें पुसलें जात नाहीं.

मग हा समज आला कोठून? तो फोटोच्या जुन्या फिल्मवरून आला आहे. न धुतलेली फिल्म ही प्रकाशाप्रमाणें क्ष-किरणांसही भुलते व तिच्यावर धुरकटपणा येतो, हें खरें आहे. विशेषतः सी. टी. पद्धतीच्या नव्या यंत्रांत तिला अधिक अपाय होतो. म्हणून कोणापाशीं अजून फिल्मचा कॅमेरा असल्यास त्यानें फिल्म हातानें तपासण्याची विनंति करावी. लोकांनीं फिल्मचा नियम न विचारतां संगणकास लाविला, एवढेंच. दुसरा समज चुंबकाचा आहे. ज्या चौकटींतून माणसें जातात तींत लोहचुंबक असून तो चकती पुसतो, असें म्हणतात. परंतु त्या चौकटींतील चुंबकीय क्षेत्र अगदीं क्षीण असतें. शिवाय लॅपटॉप त्या चौकटींतून जातच नाहीं, तो शेजारच्या पट्ट्यावरून जातो.

जुन्या यंत्राचा खरा शत्रु किरण नव्हे, धक्का होय. हार्ड डिस्कची चकती मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि तिच्यावरील वाचणारें टोंक चकतीस न शिवतां केंसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतें. चालू स्थितींत यंत्र आपटलें, तर तें टोंक चकतीवर घांसलें जाऊन लिहिलेलें कायमचें नष्ट होऊं शकतें. म्हणून रांगेंत उभें राहण्यापूर्वीं लॅपटॉप पूर्णपणें बंद करावा. नुसतें झांकण मिटणें म्हणजे त्यास निजविणें होय, बंद करणें नव्हे. आणि निजलेलें यंत्र बॅगेंतल्या बॅगेंत जागें होऊं शकतें. मात्र बंद केलेल्या यंत्राची बॅटरी रिकामी नसावी. २०१४ साली अमेरिकेनें असा नियम केला कीं, कांहीं परदेशी विमानतळांवर अधिकाऱ्यानें सांगितल्यास प्रवाशानें आपलें यंत्र चालू करून दाखवावें, व जें चालू होणार नाहीं तें विमानांत नेतां येऊं नये. तेव्हां निम्मी अधिक बॅटरी भरलेली असणें हें शहाणपणाचें.

लॅपटॉप बॅगेंतून बाहेर काढावयास सांगतात, याचा पुष्कळ वृद्ध मंडळींस राग येतो. आपल्यावर संशय घेतला असें त्यांस वाटतें. येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. विमान पळविण्याच्या प्रकारांना कंटाळून अमेरिकेनें ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची केली. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर स्फोटानें फुटलें व ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. तो बॉम्ब अशा एका बॅगेंत होता कीं जिचा धनी विमानांत चढलाच नव्हता. २१ डिसेंबर १९८८ रोजीं स्कॉटलंडमधील लॉकरबी गांवावर दुसरें विमान कोसळलें. २७० माणसें मेलीं. त्या वेळीं स्फोटक पदार्थ एका साध्या रेडिओ-कॅसेट यंत्रांत दडविलेला होता. अलीकडे २ फेब्रुवारी २०१६ रोजीं सोमालियांतील मोगादिशू येथून निघालेल्या विमानांत आकाशांत स्फोट झाला, आणि तें साहित्य लॅपटॉपमध्यें लपविलें होतें असें तपासांत निष्पन्न झालें. सुदैवानें तें विमान परत उतरलें. आपल्या देशांत डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून दिल्लीस येणारें विमान कंदाहारला पळवून नेण्यांत आलें. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे ज्यास लोक सी. आय. एस. एफ. म्हणतात त्या दलाकडे, सोंपविण्यांत येऊं लागली.

आतां लॅपटॉपच वेगळा कां, तें ध्यानीं येईल. त्याच्या पोटांत बॅटरी, तांब्याच्या तारा, धातूचे पत्रे असे दाट पदार्थ थरावर थर असतात. बॅगेंत तो कपड्यांवर आडवा ठेवला तर त्याची काळी सावली खालच्या सर्व वस्तूंवर पडते, आणि त्याच्या आंत कांहीं घुसडलें असेल तर तेंही इतर वस्तूंच्या सावल्यांत मिसळून जातें. पाटीवर एका अक्षरावर दुसरें अक्षर गिरविलें तर दोन्ही वाचतां येत नाहींत, तसाच हा प्रकार. म्हणून तो एकटा, उताणा, ट्रेमध्यें ठेवावयाचा. सी. टी. यंत्रें मात्र वस्तूभोंवतीं किरण फिरवून सर्व बाजूंनीं चित्र घेतात. रुग्णालयांत १९७१ साली लंडन येथें प्रथम वापरलेली हीच युक्ति आतां कांहीं विमानतळांवर आली असून तेथें लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाहीं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं तो काढावाच लागतो. एकाच प्रवासांत एका विमानतळावर "काढा" व दुसऱ्यावर "राहूं द्या" असें ऐकावें लागेल; दोन्ही ठिकाणीं वाद न घालतां सांगितलें तसें करावें. कधीं कधीं यंत्रावरून कापडाची पट्टी पुसून ती दुसऱ्या यंत्रांत तपासतात. ती स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधण्याची रीत आहे. तिच्यापासून लॅपटॉपास कांहीं अपाय नाहीं.

दुसरा प्रश्न मोठ्या बॅगेचा. मोठी बॅग विमानतळावर आपल्या हातून गेली कीं ती पट्ट्यांवरून घसरते, गाडींत फेंकली जाते, इतर बॅगांखालीं दबते. कांच व बिजागऱ्या असलेल्या वस्तूची ती जागा नव्हे. त्याहून महत्त्वाची गोष्ट बॅटरीची. लिथियमची बॅटरी दुखावली तर तापते, व एकदां पेटली कीं तिची आग सहज विझत नाहीं. प्रवाशांच्या कक्षांत आग लागली तर ती दिसते व तिच्यावर इलाज करतां येतो; विमानाच्या पोटांत तसें होत नाहीं. म्हणूनच सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक मोठ्या बॅगेंत ठेवण्यास बंदी आहे. २८ जानेवारी २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील बुसान येथें उड्डाणापूर्वीं उभ्या असलेल्या एका विमानास वरच्या कप्प्यांतून आग लागली. सर्व माणसें वांचलीं, पण विमान जळालें. त्या प्रकरणीं एका पॉवर बँकेकडे बोट दाखविण्यांत आलें.

येथें घरच्या मुलांस एक गणित घालावें. बॅटरींत सांठणारी ऊर्जा वॉट-अवर या मापानें मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातसामानांत नेतां येते. १०० पासून १६० पर्यंत विमानकंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर बहुधा वॉट-अवर न लिहितां २०,००० मिलिअँपिअर-अवर असा आंकडा ठळक लिहिलेला असतो. त्यास १,००० नें भागावें व आंतील बॅटरीच्या ३.७ व्होल्टनें गुणावें: २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर. ही चालेल. हाच आंकडा ३०,००० असेल तर उत्तर १११ येतें, म्हणजे परवानगी हवी. लॅपटॉपची बॅटरी घरगुती उपयोगाच्या यंत्रांत बहुधा १०० च्या आंतच असते. आंकडा यंत्राच्या पाठीवर किंवा बॅटरीवर छापलेला सांपडतो.

आतां तिसरा, व आमच्या मतें मुख्य, प्रश्न. पट्ट्यावर ठेवल्यापासून पुन्हा हातीं येईपर्यंत आपला लॅपटॉप आपल्यापासून दूर असतो. हा काळ दोनचार मिनिटांचा. परंतु ज्या काळांत वस्तु एकीकडे व धनी दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्यें भिंत, असा संपूर्ण प्रवासांत हाच एक काळ होय. आपल्याकडे तर हा वियोग परदेशापेक्षां कांहींसा अधिकच असतो. कारण चौकटींतून गेल्यावर प्रत्येकाची हातानेंही झडती होते, आणि स्त्रियांची झडती स्त्री-जवान पडद्याआड घेतात. मर्यादेच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. परंतु पडद्याआड उभ्या असलेल्या बाईस पट्टा दिसत नाहीं, हेंही खरें.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील मुलगी पीएच. डी. चा प्रबंध लिहीत होती. परगांवाहून परत येतांना तिनें लॅपटॉप ट्रेमध्यें ठेवला व ती स्त्रियांच्या रांगेंत उभी राहिली. रांग लांब होती. ती बाहेर आली तेव्हां पट्ट्याच्या टोंकाशीं करड्या रंगाचा एक लॅपटॉप होता. तो उचलून ती विमानांत बसली. घरीं येऊन झांकण उघडतांच दिसलें कीं यंत्र दुसऱ्याचें आहे. तिच्या पुढच्या कोणा गृहस्थानें घाईंत तिचा उचलला होता, आणि स्वतःचा मागें ठेवला होता. दोन्ही यंत्रांवर ना नांव, ना खूण. गृहस्थ सज्जन होता. त्यानेंही शोध चालविला होता. पण एकानें दुसऱ्यास हुडकावें कसें? नऊ दिवसांनीं यंत्र परत आलें. प्रबंध देण्याची मुदत पांचव्या दिवशीं होती. तिच्यापाशीं जी दुसरी प्रत होती ती आठ महिन्यांपूर्वींची. विद्यापीठाकडून मुदत वाढवून मिळाली खरी, पण त्या नऊ दिवसांत त्या घरांत चूल पेटली ती केवळ पेटवावी म्हणून. या प्रकारांत चोर कोणी नव्हता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सारखींच यंत्रें, सारखेच ट्रे, आणि घाई, एवढ्यानेंच हें घडलें.

यावरून करावयाच्या गोष्टी उघड होतात. पहिली गोष्ट, यंत्रास नांव द्यावें. नांव, मोबाइलचा क्रमांक व ई-मेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी यंत्राच्या पाठीवर पक्की चिकटवावी. घरचा पत्ता लिहूं नये, आणि पासवर्ड तर कधींच नाहीं. झांकणावर दुरून ओळखूं येईल अशी एखादी रंगीत पट्टी लावावी. सौंदर्य थोडें कमी होईल, पण दहा करड्या यंत्रांत आपलें एकदम दिसेल. यंत्राच्या पाठीवरील अनुक्रमांकाचें छायाचित्र घेऊन तें मोबाइलमध्यें व घरच्या एका माणसाजवळ ठेवावें; हरवल्यास तक्रारींत तोच क्रमांक विचारतात.

दुसरी गोष्ट, क्रमाची. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सूचीकटाहन्याय ठाऊक असतो. लोहाराकडे सुई व कढई अशीं दोन कामें एकदम आलीं, तर तो सुईचें लहान काम आधीं उरकतो आणि मग मोकळ्या मनानें कढईस हात घालतो. पट्ट्यापाशीं हाच न्याय चालवावा. नाणीं, किल्ल्या, घड्याळ, पाकीट, कमरपट्टा हीं सर्व रांगेंत असतांनाच काढून हातबॅगेंत घालावीं व बॅगेची चेन लावावी. पट्ट्यावर प्रथम बॅग जाऊं द्यावी. लॅपटॉप हातांतच धरावा, आणि आपल्या पुढचा माणूस चौकटींतून पार होऊन आपली पाळी आली म्हणजे मग तो ट्रेमध्यें ठेवून पट्ट्यावर सोडावा. चोरांची एक जुनी युक्ति अशी कीं, एकानें पुढें जाऊन पट्ट्याच्या टोंकाशीं उभें राहावें, आणि त्याच्या जोडीदारानें चौकटीपाशीं कधीं नाणें, कधीं किल्ली विसरल्याचें सोंग करून मागच्यांस अडवून धरावें; तेवढ्यांत पुढचा लॅपटॉप घेऊन चालता होतो. आपण यंत्र शेवटीं सोडलें तर ही युक्ति चालत नाहीं. चष्मा मात्र डोळ्यांवरच असूं द्यावा. ज्यास चष्म्यावांचून दिसत नाहीं त्यानें तो ट्रेमध्यें टाकल्यावर आपलें यंत्र ओळखावें कसें?

तिसरी गोष्ट, ट्रेमध्यें ठेवण्याची. यंत्र झांकण मिटून सपाट ठेवावें, त्यावर दुसरें कांहीं ठेवूं नये. कडेस खोंचलेला पेन ड्राइव्ह किंवा माउसची लहान कळ आधींच उपटून घ्यावी. मागून येणारी जड बॅग तिच्यावर आदळली तर खोंचच मोडते. पट्ट्याच्या शेवटीं रूळांवर सामान एकमेकांवर चढतें. म्हणून तेथें पोंचतांच प्रथम लॅपटॉप उचलावा, बाजूच्या बांकावर जाऊन तो बॅगेंत घालावा, आणि मग बूट, पट्टा वगैरे पाहावें. जाण्यापूर्वीं झांकणावरील आपली खूण पाहावी. यंत्र वेगळ्या पट्ट्याकडे वळविलें गेलें तर घाबरूं नये व हातही घालूं नये; जवान बोलावील तेव्हां त्याच्या समोर उघडून दाखवावें. आपलीच झडती लांबली तर "तो माझा ट्रे आहे, माझ्या दृष्टीसमोर असूं द्या," असें नम्रपणें पण स्पष्ट सांगावें. असें सांगण्यांत संकोच मुळींच नको.

चौथी गोष्ट कुटुंबानें जाणाऱ्यांकरितां. पांचसहा माणसें बरोबर असतात तेथें वस्तु अधिक सुरक्षित असावी, पण घडतें उलट. "मला वाटलें भाऊंनीं घेतला," "मला वाटलें वहिनींच्या बॅगेंत आहे," असें बोलणें विमान सुटल्यावर ऐकूं येतें. ज्या वस्तूचे धनी चार, तिचा धनी कोणीच नाहीं. म्हणून घरीं निघतांनाच ठरवावें कीं लॅपटॉप अमक्याच्या ताब्यांत. त्याशिवाय एक तरुण माणूस सर्वांच्या आधीं पलीकडे जाऊन पट्ट्याच्या टोंकाशीं उभा राहावा, आणि एकानें सर्वांच्या शेवटीं यावें. मधल्या वृद्धांनीं व मुलांनीं केवळ आपापलें शरीर संभाळावें. स्त्रियांची रांग लांब असल्यास घरांतील पुरुषानें त्यांचे ट्रे उतरून घ्यावे. बाई एकटी असेल तर तिनें आपली पाळी जवळ येईपर्यंत लॅपटॉप पट्ट्यावर सोडूंच नये. मागच्यांस पुढें जाऊं द्यावें.

इतकें करूनही यंत्र दिसेनासें झालें तर तेथून हलूं नये. लागलीच तेथल्या अधिकाऱ्यास ट्रेचा क्रम व यंत्राची खूण सांगावी. त्या जागीं कॅमेरे असतात, व पहिल्या दहा मिनिटांत शोध जितका लागतो तितका पुढें दहा दिवसांत लागत नाहीं. मागाहून ध्यानीं आलें तर विमानतळाच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीशीं संपर्क साधावा. सांपडलेल्या वस्तूंची यादी सी. आय. एस. एफ. आपल्या संकेतस्थळावरही देत असतें. पुष्कळ वस्तू तेथें धन्याची वाट पाहत पडून असतात.

आतां शेवटची व आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठी गोष्ट. संस्कृतांत योगक्षेम असा शब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हें क्षेम. आपण आयुष्यभर योगाकडे पाहतों, क्षेमाकडे पाठ करतों. लॅपटॉप पैशानें पुन्हा मिळतो. दहा वर्षांचें लेखन मिळत नाहीं. तेव्हां राखावयाचें काय, हें आधीं ओळखलें पाहिजे. छापखाने नव्हते त्या काळीं पोथी टिकली ती एकाच पेटींत कुलूप लावून ठेवल्यानें नव्हे. दहा जणांनीं ती उतरून घेतली, दहा गांवीं ती गेली. एक वाळवीनें खाल्ली, एक पुरांत गेली, तरी आठ राहिल्या. पोथीच्या शेवटीं लेखक वाचणारास तेलापाण्यापासून ती जपण्याची विनंति करीत. पण खरें रक्षण प्रतींनींच केलें.

तोच मार्ग आजही आहे. निघण्यापूर्वींच्या आठवड्यांत सर्व मजकुराच्या दोन प्रती कराव्या. एक बाह्य हार्ड डिस्कवर उतरून ती घरच्या कपाटांत ठेवावी, बरोबर नेऊं नये. लॅपटॉपच्या बॅगेंतच ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, ती त्याच्याबरोबरच जाईल. दुसरी इंटरनेटवरील सांठवणींत ठेवावी, म्हणजे परदेशीं मुलाच्या घरूनही ती उघडतां येईल. प्रत केल्यावर तींतील चारदोन पानें उघडून पाहावीं. न पाहिलेल्या प्रतीवर विसंबूं नये. तसेंच यंत्र परक्या हातीं गेलें तरी बँकेचे कागद व घरच्या गोष्टी त्यास वाचतां येऊं नयेत, यासाठीं पासवर्ड तर असावाच, पण संपूर्ण सांठा कुलूपबंद करण्याची सोय विंडोजच्या कांहीं आवृत्त्यांत बिटलॉकर या नांवानें व अॅपलच्या यंत्रांत फाइलव्हॉल्ट या नांवानें असते, तीही चालू करावी. तिची पुनःप्राप्तीची किल्ली, म्हणजे अंकाक्षरांची लांब ओळ, कागदावर लिहून घरीं विश्वासाच्या माणसाजवळ ठेवावी. पासवर्ड चालेनासा झाला आणि तीही हरवली, तर मात्र धन्यासही आंत प्रवेश नाहीं.

हें काम वृद्धांनीं एकट्यानें करूं नये, आणि तरुणांनीं त्यांच्या पाठीमागें उरकूनही टाकूं नये. एका रविवारीं आजोबा व नातू शेजारीं शेजारीं बसावे. कळ कोठें दाबावी हें नातवास ठाऊक. कोणता कागद कोणाच्या हातचा, कोणता गमावला तर पुन्हा मिळणार नाहीं, हें आजोबांस ठाऊक. प्रत होतां होतां चार पत्रें मोठ्यानें वाचलीं जातील, दोन नांवें विचारलीं जातील. मग लॅपटॉप पट्ट्यावर सोडतांना आजोबांचा हात थरथरणार नाहीं. कारण जें राखावयाचें तें तोंपर्यंत दुसऱ्या एका डोक्यांतही उतरलेलें असेल.